हरकतीची मुदत

खांद्यावरची बॅग खाली न ठेवताच भिंगरीने फ्रिजच्या दारावरचा कागद ओढला. कासवाच्या आकाराचे लोहचुंबक उडून ओट्याखाली गेले. दुसरे जागचे हलले नाही, त्याच्याखाली कागदाचा कोपरा फाटून तसाच राहिला. रात्रभर बसमध्ये अवघडलेल्या मानेत कळ आली, ती चोळत तिने कागद पुन्हा वाचला.

अक्षर बाबांचे. टपोरे, एकही खाडाखोड नसलेले. 'विषय: चि. मुलीचे पदव्युत्तर शिक्षण. प्रस्ताव: चि. मुलीने आपल्याच शहरातील राजनय संस्थेत आंतरराष्ट्रीय संबंध या विषयासाठी प्रवेश घ्यावा व परदेशी अभ्यासक्रमाचा विचार सोडून द्यावा. शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत हरकत न आल्यास प्रस्ताव संमत झाला असे समजण्यात येईल.' खाली एक रेघ आणि रेघेखाली निळ्या शाईत एकच शब्द: 'संमत.'

आज रविवार होता. भिंगरी गुरुवारी रात्री घरातून निघाली तेव्हा फ्रिजच्या दारावर दूधवाल्याच्या फोन नंबराशिवाय काही नव्हते.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाबा परराष्ट्र खात्यात करारांचे मसुदे पाहत. त्या जगात एक रीत आहे. मसुदा सगळ्यांना धाडायचा, मुदत घालायची आणि मुदतीत कोणी तोंड उघडले नाही, तर सगळ्यांना मान्य आहे असे धरून पुढे जायचे. बारा देशांना एका खोलीत कोंडून भांडत ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडते. काही लोक ऑफिसातून टाचण्या घरी आणतात, बाबांनी ही रीत आणली. भिंगरीला कळू लागल्यापासून घरातला प्रत्येक निर्णय फ्रिजच्या दारावरून झाला होता. हरकत असेल तर लाल पेनने, कारणासह, मुदतीच्या आत. पेन फ्रिजवरच्या पेल्यात ठेवलेले असे. तोंडी हरकत धरली जात नसे, कारण बोललेले कुणी कसेही फिरवू शकते, असे बाबांचे मत होते.

दिवाणखान्याला तो पिस्त्यासारखा हिरवा रंग असाच लागला, आई तेव्हा मामाच्या आजारपणात गेली होती. रॉकी, त्यांचा कुत्रा, दुसऱ्यांकडे असाच गेला. बाबांची परदेशी नेमणूक झाली आणि आईने भूमापन खात्यातली नकाशे काढायची नोकरी सोडली, तीही अशीच. भिंगरी तेव्हा पाळण्यात होती, पण त्या कागदाची गोष्ट बाबा पाहुण्यांना कौतुकाने सांगत. "आमच्या घरात आजवर एकदाही भांडण झालेलं नाही," असा त्या गोष्टीचा शेवट असे. पाहुणे माना डोलवत आणि आई कपबशा उचलून आत नेई.

भिंगरी हे तिचे घरातले नाव. लहानपणी एका जागी टिकत नसे म्हणून पडले आणि चोविसावे लागले तरी सुटले नव्हते. शाळेतून आली की बूट काढायच्या आधी ती फ्रिजचे दार बघे, न जाणो आपल्याबद्दल काही ठरायचे असले तर. पोहण्याच्या शिकवणीला तिने एकदा लाल पेनने हरकत घेतली होती. बाबांनी कारण मान्य करून तिची पाठ थोपटली होती आणि त्या दिवशी तिला वाटले होते की आपले बाबा जगातले सगळ्यांत न्यायी गृहस्थ आहेत. आठवून आता तिला स्वतःचीच कीव आली.

कागद मुठीत धरून ती दिवाणखान्यात आली.

बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. जेवणाच्या टेबलापाशी आई मटार सोलत बसली होती. तिच्यापुढे शेंगांचा ढीग होता, एका बाजूला टरफले आणि मांडीवर पातेले.

"आलीस?" बाबांनी वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी केली. "प्रवास कसा झाला?"

"हे काय आहे?"

"वाचलंस ना."

"मी इथे नव्हते, बाबा. तुम्हाला माहीत होतं मी इथे नाहीये."

"माहीत होतं. म्हणून तर दोन दिवसांची मुदत ठेवली. एरवी मी एकच ठेवतो."

"मला कळणार कसं? फ्रिज काय मी पिशवीत घालून नेला होता?"

"आवाज चढवण्याचं कारण नाही."

"कारण आहे!" भिंगरी म्हणाली. "माझी निवड झालीये. काल संध्याकाळी सांगितलं त्यांनी."

आईने मान वर केली, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले आणि ती पुन्हा शेंगांकडे वळली. बाबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

"अभिनंदन," ते म्हणाले. "तुझी योग्यता आहेच, त्याबद्दल दुमत नाही."

बाबांचे बोलणे असे असते. ते कुणाला ढकलत नाहीत, फक्त दार अलगद लावून घेतात आणि बाहेरच्या माणसाला वाटते की वाऱ्याने लागले असेल. भिंगरीला ही कला लहानपणापासून ओळखीची होती. आज मात्र तिला ते दार लाथेने उघडायचे होते.

त्या परदेशी विद्यापीठाची माणसे मुलाखतींसाठी बंदराच्या शहरात आली होती. एका लांब टेबलामागे तिघे बसले होते. करार, युद्धे, व्यापार असे सगळे विचारून झाल्यावर पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी शेवटचा प्रश्न टाकला होता. दोन देश एका नदीच्या पाण्यावर बोलणी करताहेत. नदीकाठी राहणारे लोक त्या खोलीत नाहीत. त्यांचे म्हणणे तुम्हाला कसे कळणार? भिंगरीने रात्र रात्र जागून पाठ केलेल्या पुस्तकांतले एकही वाक्य त्या वेळी मदतीला आले नाही.

"जाऊन विचारीन," ती म्हणाली होती.

बाई हसल्या होत्या. आपली फजिती झाली असे धरूनच ती बाहेर पडली होती. त्या एका उत्तरावर आपल्याला घेतले असावे असा तिला आता संशय होता आणि बसमध्ये पहाटेपर्यंत ती त्यावरच खूश होती.

"संस्थेत काय वाईट आहे, ते तरी सांग," बाबा म्हणाले. "खात्यातल्या निम्म्या खुर्च्यांवर तिथलीच माणसं बसली आहेत. मीही तिथलाच. मसुदा कसा लिहावा, कुणाला कुणाशेजारी बसवावं, नाही न म्हणता नाही कसं म्हणावं, हे तिथं शिकवतात. परराष्ट्र सेवेच्या परीक्षेला तेच लागतं. तुला राजदूत व्हायचं आहे ना?"

"हो. व्हायचंय."

"मग? तुझ्या त्या अभ्यासक्रमात अर्धं वर्ष सीमेवरच्या छावण्यांमधून हिंडवतात. तिथून आलेली माणसं मोर्चे काढतात. त्यांना वकिलातीच्या आत घेत नाहीत, ती फाटकाबाहेर उभी असतात."

"तिकडे पलीकडच्या लोकांची भाषा शिकावीच लागते. तिच्याशिवाय पदवी देत नाहीत. तुम्ही तीस वर्षं करार लिहिलेत, पलीकडच्या माणसाला त्याच्या भाषेत एकदा तरी 'बरा आहेस का' असं विचारलंत?"

"दुभाषी असतो त्याला," बाबा म्हणाले.

भिंगरीला हसू आले असते, पण रागाने तिचे ओठ आवळले गेले होते. तिने बॅग खुर्चीवर आपटली, तिच्यातून हमीपत्राचा कागद काढला आणि बाबांच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर ठेवला. नियमित मिळकत असलेल्या पालकाची सही हवी होती आणि ती उद्या दुपारी बाराच्या आत पोचायला हवी होती. नाही पोचली तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. बाईंनी फोनवर हे दोनदा बजावले होते.

"सही करा."

बाबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मागची बाजूही वाचली, ती कोरी होती तरी.

"संमत झालेल्या प्रस्तावाच्या विरोधात मला सही करता येणार नाही. शिवाय संस्थेच्या संचालकांना मी शब्द दिला आहे."

"माझ्या वतीने?"

"प्रस्ताव संमत झाल्यावर दिला. आधी नाही." हे सांगताना ते खुर्चीत किंचित ताठ झाले.

"म्हणजे तुम्ही नाही म्हणताय."

"मी नाही म्हणालेलो नाही."

"मग हो म्हणा!"

"तेही आता माझ्या हातात नाही, बाळा. मुदत संपली."

साप मेला पाहिजे आणि काठीही मोडता कामा नये. भिंगरीला वाटले, ह्या माणसाने आयुष्यात कधी एखाद्याला तोंडावर शिवी दिली असती तर आपण त्याच्या पाया पडलो असतो. 'तू जायचं नाहीस, मला नको आहे,' एवढे ते म्हणाले असते तर तिला त्यांच्याशी भांडता आले असते. पण समोर कुणी नव्हतेच. समोर एक रीत चष्मा लावून बसली होती.

"हा कट होता," ती म्हणाली. तिचा आवाज आता चिरकू लागला होता. "गुरुवारी मी गेले आणि तुम्ही कागद लावलात. तुम्हाला हरकत नकोच होती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?"

"कट कसला? कागद उघड लावला होता," बाबा शांतपणे म्हणाले. "घरात दुसरं माणूस होतं. सात वाजेपर्यंत एक ओळ जरी आली असती, तरी मी संचालकांना फोन केला नसता. मी वाट पाहिली. सात वाजून गेल्यावरही थोडा वेळ पाहिली."

दोघांनीही टेबलाकडे पाहिले.

आईचा अंगठा शेंगेतून फिरला, दाणे पातेल्यात पडले. बाबांचे म्हणणे खरे होते. हे भिंगरीला आत्तापर्यंत सुचलेच नव्हते आणि सुचले तसा तिचा सगळा राग वळून तिकडे गेला. बाबांवर तो आपटून परत येत होता, इथे त्याला जागा मिळाली.

"तू होतीस," ती म्हणाली. "आई, तू शनिवारी घरी होतीस."

"होते."

"कागद वाचलास?"

"वाचला."

"मग? एक ओळ लिहायची होती. 'ती घरी नाही, थांबा.' एवढंच. पेन वरच असतं ना?"

आईने पुढची शेंग घेतली.  भिंगरी टेबलापाशी गेली आणि तिने पुढ्यातला शेंगांचा ढीग हाताने बाजूला सारला. काही शेंगा फरशीवर पडल्या.

"तू कधीच काही लिहिलं नाहीस! ह्या घरात इतके कागद लागले, एकावर तुझी लाल रेघ नाही. नोकरी गेली, गप्प. रॉकी गेला, गप्प. हा घाणेरडा हिरवा रंग लागला, तरी गप्प. तुझं तुझं काय ते कर, पण माझ्या वेळी तरी तोंड उघडायचंस! आज तुझी स्वतःची मिळकत असती तर मी ह्यांच्या दारात आलेच नसते. तुझी सही चालली असती. पण तू सगळं सोडून बसलीस आणि तेसुद्धा कुणी तोंडाने सोड म्हटलं नसताना!"

 शेवटचे वाक्य जास्त झाले हे तिला कळत होते, पण ते परत घ्यायची तिची तयारी नव्हती.

"आईशी असं बोलायचं नाही," बाबा म्हणाले.

"बोलू दे," आई म्हणाली.

तिने पातेले मांडीवरून उचलून टेबलावर ठेवले. पदराला हात पुसले. घाई कशाची नव्हती. मग ती भिंगरीकडे न बघता बाबांकडे बघत बोलू लागली.

"नोकरीच्या कागदावर मी लिहिलं नाही, ती माझी संमती नव्हती. ही बारा दिवसांची होती. तिला अंगावर घेऊन मी फ्रिजपुढे उभी होते, पेन हातात होतं आणि कारण काय लिहावं तेच मला सुचत नव्हतं. 'मला नकाशे काढायला आवडतात' हे कारण होतं का? मला वाटलं, तुम्ही हसाल. तेवढ्यात ही रडायला लागली आणि मुदत संपली."

"तू कधी बोलली नाहीस," बाबा म्हणाले.

"रॉकीच्या वेळीही नव्हती. रंगाच्या वेळी तर मी गावातच नव्हते. तुम्ही सगळ्यांना सांगता, आमच्या घरात भांडण नाही. नाही कसं? माझं रोज होतं. तुम्हाला ऐकू येत नाही एवढंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तसं चाललंय आणि वर पाहुण्यांना त्याची गोष्ट सांगायची."

हे सगळे ती भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलली. बाबांचा चष्मा हातात होता आणि चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान दिसत होते.  अखेर! भिंगरीला टाळी वाजवावीशी वाटली. आई आपल्या बाजूने उभी राहिली, इतक्या वर्षांनी का होईना.

"बघा!" ती बाबांना म्हणाली. "मग शनिवारचीही नव्हतीच."

"शनिवारची होती," आई म्हणाली.

भिंगरीने वळून तिच्याकडे पाहिले.

"शनिवारी मी नीट वाचलं. दोनदा वाचलं. पेन घेतलं, टोपण काढलं. काय लिहायचं तेही ह्या वेळी ठाऊक होतं, तू सांगितलंस तेच. 'ती घरी नाही.' आणि मग मी टोपण लावून पेन परत पेल्यात ठेवलं." आई आता तिच्याकडे बघत होती. "आजवर एकाच कागदाला मी मनापासून हो म्हटलंय, तो हा."

"का?"

"तू गेलीस की ह्या घरात बोलणारं कोण उरतं? तू भांडतेस, वस्तू आपटतेस, तेव्हा कुठे इथे माणसं राहतात असं वाटतं. आम्ही दोघं काय, जेवायच्या वेळी एकमेकांपुढे मीठ सरकवतो." ती थांबली. "आणि तूही मला विचारलं नाहीसच. अर्ज भरलास, मग सांगितलंस. मुलाखतीचं तिकीट काढलंस, मग सांगितलंस. बाबांचा निदान कागद तरी असतो."

 मग बाबा उठले. त्यांनी खिशातून पेन काढले, हमीपत्र टेबलावर पसरले आणि पुन्हा न वाचता सही केली. स्वल्पविरामसुद्धा तपासल्याशिवाय सही न करणारा तो माणूस, पण आज त्याचे अक्षर पार वेडेवाकडे उमटले. तारीख घालताना पेनाच्या टोकाने कागद फाटता फाटता राहिला. त्यांनाही राग आला होता. आपल्या बाबांना राग आलेला भिंगरी पहिल्यांदाच बघत होती आणि तो कुणावर आला आहे हे त्यांनाही सांगता आले नसते.

"घे," ते म्हणाले. "संचालकांना काय सांगायचं ते मी बघतो. आता तरी मिटलं?"

आईने मान हलवली नाही. "मी सही करा म्हणाले नव्हते," ती म्हणाली.

"मग काय म्हणालीस तू?"

आईने टेबलावरची टरफले एकत्र ओढली. बाबा क्षणभर तिच्यापुढे उभे राहिले, हातातले पेन कुठे ठेवावे हे न कळल्यासारखे, आणि मग आतल्या खोलीत गेले. दार लावल्याचा आवाज आला. ह्या वेळी वाऱ्याने लागल्यासारखा मुळीच नव्हता.

भिंगरीने हमीपत्र उचलले. शाई ओली होती म्हणून तिने त्यावर फुंकर घातली. झाले होते. हवे ते सगळे मिळाले होते. टपाल कचेरी आज बंद, पण रात्रीच्या बसने जाऊन सकाळी स्वतःच्या हाताने कागद दिला की काम फत्ते. तिने तो बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला, चेन लावली आणि बॅग पाठीवर घेतली. खोलीत जावे, अंघोळ करावी, पडावे.  आईने पेन परत पेल्यात ठेवले होते. तिच्या आयुष्यातला एकमेव होकार तिने आपल्या पायात बेडीसारखा अडकवायला वापरला होता. हे विसरता येण्यासारखे नव्हते आणि भिंगरीला ते विसरायचेही नव्हते.

आई खाली वाकून फरशीवरच्या शेंगा गोळा करत होती. एक शेंग खुर्चीच्या पायामागे गेली होती आणि तिचा हात पुरत नव्हता.

भिंगरी खोलीच्या दारापर्यंत गेली. तिथे थांबली. मग परत आली, तिने ती शेंग काढून टेबलावर ठेवली.

"आई," ती म्हणाली. आवाज सरळ निघेना, रागीटच निघाला. "मी जाऊ?"

आईने शेंग उचलली, फोडली. दाणे पातेल्यात टाकले नाहीत, तळहातावरच ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. आतल्या खोलीतही आवाज नव्हता. ह्या घरात आजवर जिला संमती म्हणत आले, तीच ही शांतता होती. भिंगरी तिच्यातच वाढली होती. एवढ्या शांततेवर बॅग उचलून निघता येते, हे तिला इतर कुणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते.

तिने बॅग पाठीवरून उतरवली, खुर्ची ओढली आणि आईच्या समोर बसली.

"सांग," ती म्हणाली. "मला घाई नाही."